दोराजवळचं चौथं सत्र

ड्राय फोर्क गावात त्या वर्षी कुणीही फुटबॉलचा अख्खा सामना पाहिला नव्हता, आणि त्याला जबाबदार होता लेन बर्डवेल.

म्हणजे गाव हरत होतं असं नाही. उलट शाळेचा संघ जिंकून जिंकून दमला होता. टेक्सासच्या पश्चिम टोकाला असल्या गावांमधल्या शाळांत मुलंच इतकी थोडी, की अकरा-अकरांचा अमेरिकन फुटबॉल परवडत नाही. तिथे सहा-सहा जणांचा खेळतात. चेंडू हातात घेऊन पळायचं, फेकायचा, पाडापाडी, सगळं तेच. फक्त त्याचा एक कडक नियम आहे. मध्यंतरानंतर कुठल्याही संघाची आघाडी पंचेचाळीस गुणांवर गेली, की पंच शिट्टी फुंकतात आणि सामना जागच्या जागी संपतो. हरणाऱ्याची आणखी शोभा नको, हा त्यातला उद्देश. आता लेन होता संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हातात चेंडू पहिल्यांदा येतो तो गडी. चाल कोच ठरवतात, ती पार पाडतो तो. लेनच्या उजव्या हाताला देवाने काय दिलं होतं कोण जाणे, पण चार सत्रांतलं तिसरं अर्धं होईतो आघाडी पंचेचाळीसवर जायची आणि लोक गाड्या सुरू करायचे. चौथं सत्र म्हणून काही असतं, हे गाव विसरत चाललं होतं.

"पोरा, तुझ्यापायी माझी निम्मी चिली पातेल्यात राहते," खाऊच्या खिडकीत चिलीचा तिखट रस्सा विकणारी मिस ओपल त्याला दर आठवड्याला सुनवायची. "लोक दुसऱ्यांदा घ्यायला उठतात, तोवर तू सामना उरकलेला असतोस. जरा दमानं घे की! कुणी मागे लागलंय का तुझ्या?"

लेन नुसता हसायचा. एरवी त्यालाही त्यात गंमत वाटे. पण नोव्हेंबरातल्या त्या शुक्रवारी संध्याकाळी तो तिच्या खिडकीवरून मान खाली घालून गेला. पुढच्या वर्षीपासून ड्राय फोर्कची शाळा बंद होणार होती. मुलं बसने शेजारच्या बेनेट गावाला जाणार, संघही बेनेटचाच होणार. बाद फेरीचे सामने दुसऱ्यांच्या मैदानांवर व्हायचे होते. या मैदानावरचा हा शेवटचा सामना. लोमा गावाच्या पोरांशी.

आणि या मैदानाची एक रीत होती, जी दुसरीकडे कुठेच नव्हती.

मैदानाभोवती तेलविहिरीवरचा जुना, मनगटाएवढा जाड दोर बांधलेला होता. चौथं सत्र सुरू झालं की ज्याने म्हणून कधी ड्राय फोर्कची जर्सी अंगात घातली होती, तो प्रेक्षकांच्या फळ्यांच्या रांगांवरून उठून खाली यायचा आणि दोराला हात लावून उभा राहायचा. बोलवायला कुणी जात नसे. कुणाचे गुडघे गेलेले, कुणाची पोटं सुटलेली, एकजण तर ऑक्सिजनचं नळकांडं ओढत यायचा. नवा माणूस शेजारी आला की "कोणत्या सालचा?" एवढंच विचारायचे. साल सांगितलं की झाली ओळख. मग सत्र संपेपर्यंत सगळे उभे. लेन लहानपणी फळ्यांखाली खेळताना त्यांच्या पाठी मोजायचा. आपणही एक दिवस इथे उभं राहायचं, हे त्याने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. चेंडू फेकायला तो नंतर शिकला.

या वर्षी दोर मोकळाच राहिला होता, कारण चौथं सत्र झालंच नव्हतं. आज मात्र माणसं लांबून आली होती. लबकहून, ओडेसाहून, एकजण तर ओक्लाहोमातून. त्यांना दोराशी उभं राहायचं होतं, शेवटचं. आणि ते व्हायचं असेल तर आघाडी पंचेचाळीसच्या आत राहायला हवी होती. लेनला दुसरं काहीही नको होतं.

मध्यंतराला ड्राय फोर्कची आघाडी झाली त्रेचाळीस. सवय जाता जात नाही.

वजनं उचलायच्या खोलीत नऊ पोरं जमिनीवर बसली होती. संघ होताच नऊ जणांचा. मुख्य कोच हॉलिस ट्रॅमेल दारात उभे होते. बुटके, रुंद, टोपी कायम भुवयांपर्यंत. शाळेत इतिहास शिकवत आणि संघाची बसही चालवत.

"एक चढाई," ते म्हणाले. "एकच. पहिला चेंडू आपला आहे. आत न्यायचा, संपवायचं, घरी जायचं. दहा सामने आपण चौथ्या सत्राआधी संपवलेत. आज अकरावा."

"कोच," लेन म्हणाला, "आज चौथं सत्र खेळू या ना."

खोलीत कुणीतरी पाण्याची बाटली खाली ठेवली.

"काय म्हणालास?"

"शेवटचा सामना आहे इथला. लोक दोराशी यायला आलेत. तुम्हीही याच शाळेचे, कोच. तुम्हाला सांगायला नको."

"मला सांगायला नको, तर मग सांगतोस कशाला?" ट्रॅमेल पुढे आले. "पुढच्या शुक्रवारी बाद फेरी आहे. माझ्याकडे पोरं किती? नऊ. त्यातल्या एकाचा गुडघा आज उगाचच्या सत्रात गेला, तर त्याच्या आईला मी काय सांगू? दोरासाठी गेला म्हणून?"

म्हणणं खोटं नव्हतं, हेच लेनला खुपलं. पण ते पुरतंही खरं नव्हतं. फळ्यांच्या सर्वांत वरच्या रांगेत, धुतल्या जाकिटांत तिघंजण बसले होते, ते बेनेटच्या शाळा मंडळाचे होते. पुढच्या वर्षी संघ एक आणि कोचही एकच. तो बेनेटचा की ड्राय फोर्कचा, हे ती तीन जाकिटं ठरवणार होती. अकरापैकी अकरा, हे त्यांना दाखवायचं होतं. खोलीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं.

"मग मी खेळेन," लेन म्हणाला, "पण चेंडू गोलरेषेपलीकडे नाही नेणार."

दुसरे कोच डेनिस ओकॅम्पो खिडकीशी उभे होते. विज्ञान शिकवायचे आणि सगळ्या गोष्टींकडे थोडं गमतीने बघायचे. ते आता छताकडे बघू लागले.

"चाल मी ठरवतो," ट्रॅमेल हळू म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला की पोरं जास्त घाबरत. "तू ती खेळतोस. तुझा हात चांगला आहे म्हणून डोकंही तुझंच चालवायचं, असं मी कधी म्हटलं?"

"नाही, कोच."

"मग उठा."

बाहेर पडताना नेस्टर किंतेरोने लेनच्या पाठीत गुद्दा घातला. नेस्टर म्हणजे संघातला सर्वांत दांडगा गडी. चेंडू झेलायचा, किक मारायचा आणि समोरच्याला आडवा करायचा, तिन्ही कामं त्याचीच. पहिलीपासून लेनच्या शेजारच्या बाकावर. "वेडा झालास काय रे? कोचच्या नाकावर टिच्चून बोलतोस?"

"टिच्चून नाही. सांगून टाकलं."

"तेच ते. आता तुला पळवून पळवून मारतील सोमवारी."

मैदानात येताना लेनची नजर सवयीने बाजूच्या रेषेकडे गेली. तिथे त्याचे वडील डॉइल बर्डवेल हातात नारिंगी काठी धरून उभे होते. संघाने किती यार्ड मारले हे मोजायची साखळी असते, तिचं एक टोक कित्येक वर्षं त्यांच्याकडे होतं. साखळीवाले पंचांची माणसं. त्यांनी टाळी वाजवायची नाही, खेळाडूशी बोलायचं नाही, हू की चू करायचं नाही. डॉइल एके काळी ट्रॅमेलबरोबर एकाच संघात खेळले होते, पण काठी हातात घेतल्यापासून ते दोराशी कधी उभे राहिले नव्हते. लेनचे चार वर्षांचे सामने त्यांनी सर्वांत जवळून पाहिले, आणि त्यात एक शब्द तोंडातून काढला नव्हता.

सत्र सुरू झालं. लेनने पहिल्याच चालीला चेंडू फेकला तो थेट नेस्टरच्या छातीत, आणि तिथून चढाई अशी चालली की लोमाच्या पोरांच्या नाकी नऊ आले. मग चेंडू पुढे न्यायला मिळतात त्या चार प्रयत्नांतला शेवटचा उरला आणि गोलरेषा राहिली एका हातावर. कोच ट्रॅमेलनी बाहेरून खूण केली. सरळ आत घाला.

लेनने चेंडू घेतला. दोन पावलं मागे सरकला. आणि गुडघा टेकला.

गुडघा टेकला की चाल संपते. तो शेवटचा प्रयत्न होता, म्हणजे चेंडू आता लोमाचा. पंचांनी एकदा लेनकडे बघितलं, एकदा ट्रॅमेलकडे, आणि हात दाखवला. फळ्यांवरून आवाज आला तो आरडाओरड्याचा नव्हता, दोनशे माणसं एकमेकांना "काय झालं?" विचारत होती.

ट्रॅमेलनी टोपी काढून जमिनीवर आपटली. लेन ताठ उभा राहिला. जमलं, त्याला वाटलं. असंच करत राहायचं. प्रत्येक वेळी.

तेवढ्यात बाजूने ओकॅम्पोंचा आवाज आला. ते चक्क हसत होते. "लेन! बाळा, चेंडू कुठे आहे ते बघ!"

लेनने बघितलं. सहा जणांच्या खेळात चढाई करणारे तेच, अडवणारेही तेच. आता त्याला अडवायचं होतं, आणि लोमाची पोरं त्यांच्याच गोलरेषेला पाठ टेकून उभी होती. चेंडूवाल्याला त्या रेषेच्या मागे पाडलं, तर ड्राय फोर्कला दोन गुण. त्रेचाळीस आणि दोन. सामना वाचवायला म्हणून त्याने गुडघा टेकला आणि सामना असा कडेलोटाच्या टोकावर आणून ठेवला होता! स्वतःच्या पायावर इतका नेमका धोंडा आजवर कुणी मारून घेतला नसेल.

"सगळे आत घुसा!" ट्रॅमेल ओरडले. त्यांनाही ते दिसलं होतं. "सगळे!"

"मागे राहा," लेन आपल्या पोरांना म्हणाला. "ऐका माझं. त्याला बाहेर येऊ द्या, मग पाडा."

"मला मागे राहता येत नाही," नेस्टर म्हणाला. त्यात हट्ट नव्हता. त्याला खरंच येत नव्हतं.

चेंडू हलला आणि नेस्टर सुटला. समोरचा पोरगा त्याने बाजूला भिरकावला. लोमाचा पळणारा, एक काटकुळा मुलगा, गोलरेषेच्या मागे चेंडू छातीशी धरून उभा, आणि नेस्टर दोन ढांगांवर. लेनने विचार केला नाही. तो आडवा पळाला आणि आपल्या खांद्याने नेस्टरला बरगडीत धडक दिली.

नेस्टर कोसळला. काटकुळा मुलगा क्षणभर बघतच राहिला, मग जो पळाला तो सगळं मैदान ओलांडून दुसऱ्या टोकाला. आधी लोक हसले. मग हसू विरलं. त्या मुलाने टचडाऊन केलं, म्हणजे रेषेपलीकडे चेंडू नेऊन सहा गुण मिळवले, पण तो नाचला नाही. चेंडू पंचांकडे टाकला, मागे वळून लेनकडे एकदा बघितलं आणि मान फिरवून निघून गेला. पुढचा जादा गुण त्यांना जमला नाही. आघाडी सदतीस झाली.

नेस्टर गुडघ्यावर उठून बसला होता. लेनने हात पुढे केला. त्याने तो घेतला नाही.

"तू मला पाडलंस."

"नेस्टर, अरे दोन गुण..."

"मला मोजता येतं." तो उठला. ओठ फुटला होता. "गुडघा टेकलास, मी बोललो नाही. तुझं तू बघ म्हटलं. पण मला पाडलंस. सगळ्या गावासमोर. माझी आई बसलीय वर."

लेनने हात मागे घेतला.

ट्रॅमेल त्याची वाटच बघत होते. "हेल्मेट काढ. बस."

"होय, कोच."

"इकडे बघ." ट्रॅमेल त्याच्यासमोर वाकले. टोपीशिवाय ते म्हातारे दिसत होते. "तो गुडघा टेकलास ना, तो हट्ट. आडमुठेपणा. त्याची मला चीड आली, पण तो सगळ्यांसमोर केलास. हे दुसरं जे केलंस, ते खोटं खेळणं. आपल्या माणसाशीही आणि त्या लोमाच्या पोराशीही. आयुष्यात त्याने एकदा सगळं मैदान पळून टचडाऊन केलं, आणि ते त्याचं आहे की तुझं, हे त्याला आता कधी कळणार नाही. फरक समजतो?"

"समजतो."

"नक्की?"

"होय, कोच. पुन्हा नाही होणार."

ते खरंच होतं. लेन बाकावर बसून हातांकडे बघत राहिला. लाज अशी वाटत होती की कानशिलं तापली होती. पण गंमत अशी, की चौथं सत्र हवं ही गोष्ट त्या लाजेने तसूभरही हलली नव्हती. ते हवंच होतं. फक्त ते चोरून मिळवायचं नव्हतं. चोरून मिळवलेल्या सत्रात त्या म्हाताऱ्यांना उभं करून काय उपयोग?

त्याच्या जागी ट्रॅमेलनी केस नावाचा दहावीतला पोरगा घातला. केस घाबरलेला होता, पण धीराचा होता. थोडं थोडं करत त्याने संघ पुढे नेला. एकदा दोन्ही बाजूंनी चेंडू हातचा गेला, पुन्हा परत आला. ओकॅम्पो लेनच्या शेजारून जाता जाता म्हणाले, "प्रार्थना करतोयस की हिशेब?"

"दोन्ही, सर."

"प्रार्थना कुणासाठी? आपल्या की लोमाच्या?"

लेनला हसायचं नव्हतं, तरी हसू आलं.

तिसऱ्या सत्राचे शेवटचे काही सेकंद उरले होते. केसने डोळे मिटून फेकल्यासारखा चेंडू वर फेकला आणि नेस्टरने दोघांच्या डोक्यावरून तो ओढून घेतला. टचडाऊन. घड्याळ शून्यावर गेलं. आघाडी पुन्हा त्रेचाळीस.

टचडाऊननंतर जादा गुणाची एक संधी मिळते, घड्याळ संपलं असलं तरी. सहा जणांच्या खेळात किक मारणं अवघड, म्हणून किकचे दोन. धावत आत नेला तर एक. दोन म्हणजे पंचेचाळीस.

फळ्यांवर काही माणसं घोंगड्या गोळा करू लागली. त्यांनाही मोजता येत होतं. पहिल्या रांगेतला एक म्हातारा खाली यायला म्हणून उठला होता, तो काठीवर भार देऊन तसाच थांबला.

"किक!" ट्रॅमेल म्हणाले आणि मागे न बघता हाक मारली, "बर्डवेल!"

किक मारणारा नेस्टर. पण त्याच्यासाठी कुणीतरी चेंडू जमिनीवर उभा धरायला लागतो, एका बोटाने, आणि वर्षभर ते काम लेनचं होतं. केसला ते येत नव्हतं. सरावात त्याने दोनदा धरला होता आणि दोन्ही वेळा बोट सुजवून घेतलं होतं.

लेन उठला. हेल्मेट चढवलं. नेस्टर खाली बघत बुटाचं टोक मातीत घासत होता. आणि त्या चार पावलांत लेनला स्पष्ट दिसलं, की हे किती सोपं आहे. चेंडू जरा तिरका धरायचा. बोट जरा लवकर काढायचं. थंडीत बोटं बधिर होतात, कुणाला काय कळणार? किक चुकेल, सगळे नेस्टरकडे बघतील, आणि चौथं सत्र मिळेल.

तो ट्रॅमेलसमोर थांबला.

"कोच, मी गेलो तर नीट धरणार. अगदी नीट. नेस्टर चुकत नाही, म्हणजे किक जाणार आणि सामना संपणार." तो एक पाऊल पुढे आला. "म्हणून तुम्हाला इथेच सांगतो. मला पाठवू नका. एक गुण घ्या. मी मागतोय तुमच्याकडे. पाठवलंत तर जाईन, आणि धरीन."

नेस्टरने मान वर केली.

"आणि नाही म्हटलं तर?" ट्रॅमेलनी विचारलं.

"तर धरीन म्हटलं ना."

पंचांनी घाई करायची खूण केली. ट्रॅमेल वरच्या रांगेकडे बघत होते. धुतल्या जाकिटांतला एकजण घड्याळ बघत होता. मग त्यांची नजर खाली आली, त्या काठीवर थांबलेल्या म्हाताऱ्यावर, मग बाजूच्या रेषेवर. तिथे डॉइल बर्डवेल काठी धरून उभे होते, समोर बघत, तोंड मिटून. एकाच वर्षी जर्सी घातलेली ती दोन माणसं कितीतरी वेळ एकमेकांकडे बघत राहिली, असं लेनला वाटलं. खरं तर पंचांनी दुसऱ्यांदा खूण केली नव्हती, म्हणजे फार वेळ गेला नसावा.

"त्या वरच्यांना मी काय सांगू?" ट्रॅमेल पुटपुटले. लेनला विचारत होते की स्वतःला, ते कळलं नाही.

"सांगा, पोरगा उलट बोलला, म्हणून त्याला शिक्षा केली."

ओकॅम्पोंनी खोकल्यासारखं केलं. ट्रॅमेलच्या तोंडाची एक बाजू हलली.

"केस!" ते ओरडले. "धावत न्या. एकच."

केसने चेंडू बाजूला दिला, नेस्टरने समोरची भिंत फोडली, आणि एक गुण झाला. आघाडी चव्वेचाळीस.

पंचांनी चार बोटं वर केली. चौथं सत्र.

फळ्यांवरून एक आवाज उठला, टाळ्या नाहीत, आरोळीही नाही. लाकडावर बुटांचा आवाज. माणसं खाली उतरत होती.

लेनने हेल्मेटचा पट्टा आवळला आणि मैदानाकडे निघाला.

"कुठे?" ट्रॅमेल म्हणाले.

तो थांबला.

"शिक्षा म्हणालास ना? या सत्रात तू खेळणार नाहीस. एक चेंडूही नाही."

हेच ते सत्र. याच्यासाठी त्याने कोचशी वैर घेतलं, मित्राला आडवं केलं, गावात हसं करून घेतलं. आणि ते बाकावरून बघायचं. पण मागितलं होतं ते मिळालं होतं, आणि त्याची किंमत त्यानेच सुचवली होती.

"होय, कोच." तो बाकाकडे वळला.

"आणि माझ्या बाकावर बसायचं नाही."

"मग कुठे बसू?"

"बसायचं नाहीच म्हणतोय," ट्रॅमेल चिडून म्हणाले. ते मैदानाकडे बघत होते, त्याच्याकडे नाही. "उभं राहायचं. ज्याचा खेळ संपला, त्याने कुठे उभं राहायचं असतं ते तुला माहीत नाही काय?"

लेनला कळायला एक क्षण लागला. मग त्याने हेल्मेट काढून बाकावर ठेवलं आणि मैदान सोडून मागे चालत गेला.

दोर भरत आला होता. रुंद पाठी, वाकलेल्या पाठी, विटलेल्या जाकिटांवर जुनी अक्षरं. ऑक्सिजनचं नळकांडं गवतात आडवं पडलं होतं. आतल्या बाजूने कुणी येताना त्यांनी कधी पाहिलं नसावं, कारण ते सगळे थांबून बघत राहिले. लेन दोराखालून वाकून पलीकडे गेला. दोन माणसं जरा जरा सरकली, आणि मध्ये एकाला पुरेल एवढी जागा झाली. त्याने दोराला हात लावला. दोर थंड आणि राठ होता, आणि वाटला होता त्याहून जाड.

शेजारी तोच काठीवाला म्हातारा होता. त्याने लेनच्या मळलेल्या जर्सीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. पण रीत ती रीत.

"मी एकसष्टचा," तो म्हणाला. "तू कोणत्या सालचा?"

"यंदाचा," लेन म्हणाला.

म्हाताऱ्याने मान हलवली. त्याचा हात दोरावर सरकत सरकत लेनच्या हाताशी येऊन टेकला.

तिकडे केस चेंडू मागत होता आणि त्याचा आवाज फाटत होता. एक गुणही आता जास्त होणार होता. पण ट्रॅमेलनी पोरांना काय सांगितलं होतं कोण जाणे, ती थोडं थोडं पुढे सरकत होती, घड्याळ खात होती. लोमाची पोरं जीव तोडून अडवत होती. नेस्टर एकदा दोराजवळ पडला, उठला, लेनला तिथे बघून थबकला.

"डावीकडचा दमलाय!" लेन ओरडला. "त्याच्या बाजूने जा!"

नेस्टर वळून आपल्या जागी गेला. पण पुढच्या चालीला तो डावीकडून गेला आणि दहा यार्ड खाऊन आला. दोरावरची सगळी माणसं एकदम ओरडली. वर्षभर साठवलेलं ओरडून घेत होती ती.

साखळी पुढे सरकली. डॉइल बर्डवेल काठी घेऊन आले आणि नेमके लेनच्या समोर उभे राहिले, पाठ करून, हातभर अंतरावर. त्यांनी वळून बघितलं नाही. साखळीवाल्याने बघायचं नसतं. काठी मात्र त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. पुढची चाल होईपर्यंत बापलेक तसेच उभे राहिले. लेनला त्या पाठीशी खूप काही बोलायचं होतं. त्याने दोर घट्ट धरला.

शेवटची शिट्टी झाली तेव्हा आघाडी चव्वेचाळीसच होती. मिस ओपल खिडकी सोडून बाहेर आली होती, हातात रिकामा डाव. वरच्या रांगेतली तीन जाकिटं अजून बसून होती. ट्रॅमेल लोमाच्या त्या काटकुळ्या मुलाजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ काही बोलत राहिले.

डॉइलनी काठी गवतात आडवी ठेवली. कंबर ताठ केली. मग वळले, दोन पावलं येऊन आतल्या बाजूने दोराला हात लावला आणि मुलाकडे बघितलं. आता बोलायला मुभा होती. चार वर्षांचं बोलायचं होतं.

"आधी नेस्टरकडे जा," ते म्हणाले. "मी आहे इथे."

लेनने मान हलवली, वाकला, आणि दोराखालून परत मैदानात गेला.